चुन्याच्या घाणीपासून विका यांच्या सुईपर्यंत

फ्रीगंजात टॉवरच्या आसपासची जुनी घरे पाडली जात असताना त्यांच्या भिंतींकडे लक्ष दिले, तर एकाच घरात पुष्कळदा दोन युगे दिसतात. खालच्या भिंतींत पांढुरका चुना असतो आणि नंतर चढविलेल्या मजल्यात राखी रंगाचे सिमेंट. या दोन पदार्थांत रंगाचा आणि बळाचा फरक आहेच. परंतु त्याहून मोठा फरक काळाचा आहे. ओला माल किती वेळात आळतो, हे चुन्याच्या काळी गवंड्याचा अंगठा सांगत असे. सिमेंटच्या काळात ते एक सुई सांगू लागली. हा बदल कसा झाला, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

उज्जैनचे आपणास परिचित असलेले वैभव चुन्याच्या काळातील आहे. सवाई जयसिंहाची वेधशाळा, राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात केलेला महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार, बायजाबाई शिंदे यांचे गोपाळ मंदिर, ही सारी कामे सिमेंट या देशात येण्यापूर्वीची. चुनकळी विझवावी, चुना मुरू द्यावा, बैलाच्या घाणीत वाळूसह मळावा, प्रसंगी गूळ, बेलफळाचा गर वा उडदाचे पाणी घालावे, अशी ती रीत होती. शुद्ध चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. या क्रियेला महिने, जाड भिंतीत तर वर्षे लागतात. अशा पदार्थाला घड्याळ लावण्याचे कारणच नव्हते.

अडचण होती ती पाण्याची. हवेवर अवलंबून असलेला शुद्ध चुना पाण्याखाली आळत नाही. म्हणून ओलाव्याच्या कामात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळण्याची चाल पडली. मातीचा अंश असलेल्या कंकराचा चुनाही अशा कामास उपयोगी पडे. हे का घडते, हे मात्र परंपरेला सांगता येत नव्हते. ते कोडे फ्रान्समधील अभियंते लुई विका (1786-1861) यांनी सोडविले. दॉर्दोन्य नदीवर सुइयाक येथे पूल बांधताना त्यांना पाण्यात टिकणारा चुना हवा होता. चुनखडीत योग्य प्रमाणात चिकणमाती असेल, तर तिच्यापासून पाण्यात आळणारा चुना मिळतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले आणि 1818 साली प्रसिद्ध केले. एक चुना दुसऱ्याहून लवकर आळतो, हे ठरवायचे कसे, यासाठी त्यांनी वजन लावलेली सुई वापरली. आपल्या प्रयोगशाळांतील ‘विकॅट’ उपकरणाला त्यांचेच नाव आहे. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या 72 नावांतही ते आहे.

पुढे 1824 साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलँड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात 1914 साली पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. ग्वाल्हेर संस्थानातही बनमोर येथे कारखाना निघाला. शिंदेशाहीत वसलेल्या माधवनगराच्या, म्हणजे आपल्या फ्रीगंजाच्या, भिंतींत दोन्ही युगे का सापडतात, याचे उत्तर या काळात आहे. चुना भाजणारा, मळणारा आणि लावणारा एकमेकांस ओळखत असत. गोणीतील सिमेंट मात्र अनोळखी हातांनी बनविलेले होते. त्याची पारख अंगठ्याने होईना; दोन अनोळखी पक्षांना मान्य होईल असा आकडा हवा होता. भारतीय मानक संस्था 1947 साली स्थापन झाली आणि 1951 साली तिने सामान्य पोर्टलँड सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले.

परीक्षा दिसायला साधी आहे. प्रथम 10 मिलिमीटर व्यासाच्या दांड्याने लगद्याचा योग्य घट्टपणा ठरवितात. त्यासाठी जेवढे पाणी लागते त्याच्या 0.85 पट पाणी घेऊन नवा लगदा करतात. सिमेंटमध्ये पाणी पडले की घड्याळ सुरू. लगदा 40 मिलिमीटर उंचीच्या साच्यात भरून त्यावर 1 मिलिमीटर जाडीची सुई अलगद सोडतात. आरंभी ती तळाशी जाते. तळापासून सुमारे 5 मिलिमीटरवर ती अडली की लगदा आळू लागला असे मानतात. सामान्य पोर्टलँड सिमेंटमध्ये हे 30 मिनिटांच्या आत घडता कामा नये. पुढे कडे बसविलेली सुई वापरतात. सुईचा ठसा उमटतो, परंतु कड्याचा उमटत नाही, तेव्हा आळण्याची क्रिया संपली. त्याला 600 मिनिटांहून अधिक लागू नयेत. सिमेंट दळताना थोडे जिप्सम मिसळले नाही, तर ते पाणी पडताच आळू लागते. परीक्षेच्या खोलीचे तापमान 27 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आळणे वेगळे आणि बळ येणे वेगळे. सुईची परीक्षा बळ सांगत नाही. त्यासाठी 3, 7 व 28 दिवसांच्या ठोकळ्यांची दाब-परीक्षा असते. सुई एवढेच सांगते की, माल कालवून, वाहून, ओतून बसविण्यास आपल्या हाती किती वेळ आहे. वाळू-खडीच्या मालात आणि उन्हात तो वेळ बदलतो. प्रयोगशाळेचा आकडा बांधकामावर जसाच्या तसा लागू होत नाही. घमेल्यातील माल आळू लागला की त्यात पाणी शिंपडून तो पुन्हा कालविण्याची खोड मात्र सर्वत्र दिसते. त्याने माल मऊ होतो. पण जी गुंफण सुरू झालेली असते ती मोडते आणि जादा पाणी बळ कमी करते. वर गिलावा चढला की ही लबाडी काही वर्षे झाकली जाते. मग छताला ओल येते आणि घरमालक पावसाला दोष देतो.

उज्जैनला हा विषय इतर नगरांहून अधिक लागू आहे. 1980, 1992, 2004, 2016 आणि आता 2028. दर सिंहस्थापूर्वी घाट, पूल, रस्ते यांची कामे निघतात आणि शेवटची घाई नेमकी माळव्याच्या उन्हाळ्यात येते. त्या तापमानात माल प्रयोगशाळेतल्यापेक्षा लवकर आळतो आणि त्यातील पाणीही लवकर उडते. म्हणूनच 2000 सालच्या भारतीय मानकात कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट निदान 10 दिवस ओले ठेवण्यास सांगितले आहे. तारखेच्या दडपणाखाली पहिला बळी जातो तो या दहा दिवसांचा.

कालगणनेसाठी ही नगरी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. जयसिंहाची यंत्रे जीर्ण झाली, तेव्हा वेधशाळेचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या जाणकारांच्या शिफारशीवरून माधवराव शिंदे यांनी 1923 साली त्यांची दुरुस्ती करविली. ती यंत्रे आजही वेळ दाखवितात. सिंहस्थाचा मुहूर्त पंचांग ठरविते आणि तो कोणालाही पुढे ढकलता येत नाही. सिमेंटचा काळही तसाच कोणाच्या आज्ञेने पुढेमागे होत नाही. काम वेळेत पुरे करायचे, तर ते आधी सुरू करावे, एवढाच मार्ग आपल्या हाती राहतो.