तळटीप : नमुन्याचा पसारा आणि विसरण
* नळीतल्या प्रवाहात सोडलेला नमुना विसरणामुळे पसरतो, हे लेखकाचे विधान अर्धेच खरे. अरुंद नळीतल्या संथ प्रवाहात मधला द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो, भिंतीलगतचा जवळजवळ थांबलेला असतो. नमुना मुख्यतः या वेगफरकाने लांबतो. कासेलमध्ये जन्मलेल्या आडोल्फ फिकने १८५५ मध्ये ज्याचे नियम मांडले ते विसरण इथे, गंमत म्हणजे, उलटच काम करते : रेणू आडवे सरकतात, भिंतीकडचे मध्याकडे, मधले भिंतीकडे, आणि लांबलेले शेपूट आखडते. म्हणूनच नळी बारीक आणि प्रवाह मंद ठेवला की तेवढ्याच अंतरात पसारा कमी होतो. नळीच्या लांबीच्या दिशेने होणारे विसरण एरवी नगण्यच. – संपादक