राणी गेली तेव्हा कोण रडलं?

८ सप्टेंबर २०२२ ची रात्र. एलिझाबेथ राणी गेल्याची बातमी आली आणि थोड्या वेळात डेस्कवरून फोन. "तिकडच्या स्थानिक प्रतिक्रिया पाठवा, सकाळपर्यंत." आता आमच्या तालुक्याच्या गावात ब्रिटनच्या राणीवर प्रतिक्रिया कुणाची घ्यायची? तरी सकाळी स्टँडवर गेलो. चहावाला म्हणाला, कुठली राणी? एक निवृत्त मास्तर म्हणाले, दुःख आहेच हो, पण आधी कोहिनूर पाठवा म्हणावं. मी दोन गुळगुळीत वाक्यं लिहून पाठवली, 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' छापाची. छापूनही आली.

मग केंद्राने जाहीर केल्याप्रमाणे ११ तारखेला एक दिवसाचा दुखवटा पाळला गेला, कचेरीवरचा झेंडा अर्ध्यावर आला. दाखला काढायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "कोण गेलं?" सांगितलं. तो म्हणाला, "ती तर आमच्या आज्याच्या टायमालाच गेली की!"

तो चुकला नव्हता. त्याच्या हिशेबी राणी एकच, व्हिक्टोरिया. तेव्हापासून डोक्यात बसलंय की ती राणी गेली तेव्हा इकडे नक्की काय झालं? आणि माझ्यासारखीच कुणीतरी लिहिलेली 'सर्वत्र हळहळ' आपण आज इतिहास म्हणून वाचतोय का?

२२ जानेवारी १९०१. वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये संध्याकाळी साडेसहाला व्हिक्टोरिया गेली. वय ८१, राज्य ६३ वर्षं ७ महिने. इंग्लंडात बहुसंख्य लोकांनी दुसरा राज्यकर्ता पाहिलाच नव्हता. राजाची अंत्ययात्रा कशी काढतात हेही लोक विसरले होते, कारण आधीची १८३७ ची. विंडसरला तोफगाड्याच्या घोड्यांनी ऐनवेळी साज तोडला आणि शेवटी खलाशांनी दोर लावून गाडा ओढला. आता ती तिथली परंपरा झालीय, २०२२ लाही खलाशीच ओढत होते. परंपरा अशाच तयार होतात, एक दोर तुटतो आणि पुढे शंभर वर्षं लोक शिस्तीत ओढतात.

आणखी एक गंमत. नवरा गेल्यावर जवळपास चाळीस वर्षं काळे कपडे घातलेल्या या बाईने सांगून ठेवलं होतं, माझी अंत्ययात्रा पांढरी करा. सुतकाचा पांढरा रंग आपल्याला नवा नाही, लंडनला मात्र तो नवलाचा वाटला.

आता इकडे या. व्हिक्टोरिया हिंदुस्थानात एकदाही आली नाही. पण ती इथे सगळीकडे होती. १८५८ चा राणीचा जाहीरनामा, ज्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही, नोकरीत जात-वंश पाहणार नाही असं वचन होतं. भायखळ्याची राणीची बाग, बोरीबंदरचं व्हीटी, रस्त्यावरची व्हिक्टोरिया गाडी. आणि सगळ्यात जवळ म्हणजे राणीछाप रुपया. माझ्या पणजीच्या गळ्यात राणीछाप रुपयांचं गाठलं होतं. पुढे एडवर्डचा रुपया आला त्यावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. पणजी म्हणे म्हणायची, हा बोडक्या डोक्याचा राजा, याचं काही खरं नाही. ही आमच्या घरातली प्रतिक्रिया. ती कुठे छापून आली नाही.

छापून काय येऊ शकत होतं, ते बघा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ दुष्काळ. त्याच वर्षी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. ते काम आपलंच होतं, असं पुढे दामोदर चापेकरांनी कबूल केलं. २२ जून १८९७, राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा उरकून गणेशखिंडीतून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. मग टिळकांवर राजद्रोहाचा खटला. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्याचा अर्थ लावला तो पत्रकार म्हणून मला कायम टोचतो. अप्रीती म्हणजे काय? तर प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारविरुद्ध हत्यार उचलायला नको, कट करायला नको. वाचकाच्या मनातलं प्रेम कमी होईल असं लिहिलं तरी गुन्हा! ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची. १८९८ ला हे कलम आणखी कडक करून ठेवलं.

आता तीन वर्षांनी राणी वारली. तुम्ही एका मराठी पत्राचे संपादक आहात. काय लिहाल?

म्हणून त्या काळचे शोकसंदेश वाचताना मी जरा थांबतो. सगळं खोटं होतं असं नाही हं. राणीचा आणि गोऱ्या साहेबाचा लोक वेगळा हिशेब ठेवायचे. वर बसलेली बाई चांगली, मधले कारकून-कलेक्टर वाईट, हा समज आपल्याकडे जुनाच. आजही 'साहेबांपर्यंत पोचत नाही हो' म्हणतोच की आपण. जाहीरनाम्यावर भरवसा ठेवून हक्क मागणाऱ्या पिढीला तर राणी गेल्याचं मनापासून वाईट वाटलं असणार, कारण वचन देणारीच गेली.

गांधींचंच बघा. वय ३१, दरबानमध्ये वकिली. राणी गेल्यावर नाताळच्या हिंदी लोकांतर्फे त्यांनी दुखवट्याची तार केली आणि तिथल्या राणीच्या पुतळ्याला पुष्पचक्र वाहिलं. त्यात ढोंग नव्हतं. आम्हीही राणीची समान प्रजा आहोत, हे तिथल्या गोऱ्यांना ठणकावून सांगायची तीच एक जागा होती.

आणि त्याच दिवसांत नाशिकला मित्रमेळ्यातली पोरं वाद घालत होती, आपण दुखवट्याची सभा घ्यायची का? घेतली नाही तर सरकारचा संशय यायचा. सतरा वर्षांच्या विनायक सावरकरांनी विरोध केला, ती आपल्या शत्रूची राणी आहे म्हणून. चरित्रकारांनी ते नोंदवून ठेवलंय. पुढे या दोघांचे रस्ते कुठे गेले हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कमेंटमध्ये भांडू नका. मला एवढंच दिसतं की मरण एक, कायदा एक, आणि तरी माणसं आपापल्या गरजेप्रमाणे रडली किंवा रडली नाहीत.

बाकीच्यांचं काय? राणी गेल्यावर पाच-सहा आठवड्यांनी, १ मार्च १९०१ ला जनगणना झाली. १८९१ ला मुंबई शहरात ८ लाख २१ हजार माणसं होती, आता ७ लाख ७६ हजार. काही प्लेगने मेली, काही गाव सोडून पळाली. १९०० च्या दुष्काळात देशभर साठ लाखांवर लोक सरकारी मदतीवर जगत होते. त्याच १९०१ मध्ये दादाभाई नौरोजींचं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचं मोठं पुस्तक लंडनमध्ये छापून आलं. आणि व्हाइसरॉय कर्झनसाहेबांनी काय ठरवलं? कलकत्त्यात राणीचं संगमरवरी स्मारक. संस्थानिकांनी आणि धनिकांनी वर्गणी दिली, खर्च कोटीच्या पुढे गेला. १९२१ ला त्याचं उद्घाटन झालं तोवर राजधानीही दिल्लीला हलली होती.

खडी फोडणाऱ्या त्या साठ लाखांना कुणी प्रतिक्रिया विचारली नसणार. विचारली असती तर बातमीदाराने काय लिहिलं असतं ते मला पक्कं माहीत आहे, मीही तेच लिहिलं होतं.

डांबर फासलेली ती राणी अजून मुंबईत आहे. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागच्या बागेत बसलेली असते, नाक तुटलंय. गेल्या मे महिन्यात पोरांना पेंग्विन दाखवायला नेलं तेव्हा आत जाऊन आलो. धाकट्याने विचारलं, बाबा, ही कोण? मी म्हटलं, जिच्या नावाची ही बाग ना, ती. तो म्हणाला, मग हिला बाहेर का ठेवलंय?