चकरी, भोवरा आणि बेअरिंग: यो-यो उघडला कोणी?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मागे पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकू आला असेल. जुलै महिना, रत्नागिरी, इलाज नाही. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. आजचा विषय आहे यो-यो. लहान पोरांचा वाटेल, पण थोडं थांबा. दोन चकत्या, मध्ये एक आस आणि एक दोरी, बस्स एवढीच ही वस्तू. ती जवळजवळ अडीच हजार वर्षं जुनी आहे. मग ती उघडून तिचे भाग बदलता यावेत यासाठी विसाव्या शतकाची शेवटची पंचवीस वर्षं का उजाडावी लागली? मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे असले प्रश्न मला छळतात.

सुरुवात लांबून करू. बर्लिनच्या संग्रहालयात एक ग्रीक पात्र आहे, इसवी सनपूर्व ४४० च्या सुमाराचं. त्यावर एक मुलगा दोरीला लावलेली चकती खेळवताना दिसतो. आपल्याकडे अठराव्या शतकातल्या उत्तर भारतीय लघुचित्रांमध्ये बायका हेच खेळणं खेळताना दिसतात. आपला शब्द चकरी. इंग्लंडमध्ये त्याला बँडलोर म्हणत, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसमध्ये त्याचं नाव पडलं एमिग्रेट, कारण देश सोडून पळणाऱ्या सरदार मंडळींच्या हातात ते दिसायचं. म्हणजे डोकं उडवणाऱ्या यंत्राच्या काळात लोक यो-यो खेळत होते!

आता एक तारीख लक्षात ठेवा. १७९४. या वर्षी वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या लोखंडवाल्याने गाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. यो-योची लाट आणि बॉल बेअरिंग एकाच दशकात, समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्याच्या दोन बाजूंना. पण दोघांची गाठ पडायला पुढे जवळपास १९० वर्षं गेली. का? कारण यो-योला बेअरिंगची गरजच नव्हती. तेव्हा दोरी आसाला घट्ट बांधलेली असायची. खाली सोडला की लगेच वर येणार. जो फिरत थांबतच नाही, त्याचं घर्षण कमी करून उपयोग काय?

१८६६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या हेवन आणि हेट्रिक या दोघांनी सुधारित बँडलोरचं पेटंट घेतलं. त्यांची कल्पना अशी की वजन मध्यावर नको, कडेला हवं. कडेला वजन असलं की फिरणं जास्त वेळ टिकतं. बारावीच्या फिजिक्समधलं जडत्व आघूर्ण आठवतंय? तेच. आजचे महागडे यो-यो हेच तत्त्व वापरतात.

पण खरी गंमत दोरीत झाली. पेद्रो फ्लोरेस हा फिलिपिन्समधून अमेरिकेत गेलेला माणूस. १९२८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराला यो-योची कंपनी काढली. त्याच्या देशातल्या पद्धतीत दोरी आसाला बांधत नसत. एकच लांब दोरा दुमडून पिळायचा आणि तयार झालेला फासा आसाभोवती सैल ठेवायचा. एवढंच! या सैल फाशामुळे यो-यो खाली गेल्यावर तिथेच फिरत राहतो आणि बोटाने झटका दिला की वर येतो. या खेळण्याचा शोध आपण लावला असं फ्लोरेसने कधी म्हटलं नाही. पुढे त्याचा धंदा आणि नाव डंकन नावाच्या उद्योजकाकडे गेलं, आणि 'यो-यो' हा शब्दच एका कंपनीच्या मालकीचा झाला. बाकीच्यांनी आपल्या मालाला दुसरं काहीतरी नाव द्यायचं. १९६५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने सांगितलं की हा आता सर्वसामान्य शब्द आहे, तो कुणाची मालमत्ता नाही. त्याच वर्षी डंकन कंपनी दिवाळखोरीत गेली.

शब्द मोकळा झाला, वस्तू मात्र बंदच होती. आस लाकडाचा, चकत्यांमध्ये डिंकाने पक्का बसवलेला. खेळून खेळून आस झिजला, खडबडीत झाला, की यो-यो टाकून द्यायचा. दुरुस्ती हा प्रकारच नाही.

इथे प्रवेश होतो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दंतवैद्याचा. टॉम कून. दात घासणारा, कोरणारा, जोडणारा माणूस, त्याला सूक्ष्म मोजमापांची सवय. १९७८ मध्ये त्याने लाकडी यो-यो आणला, जो स्क्रूसारखा पिळून उघडता येत होता. आस बदलता येतो, दोरीची गाठ अडकली तर सोडवता येते, आणि चकत्या उलटसुलट जोडून एकाच यो-योचे तीन आकार करता येतात. मला विचाराल तर यो-योचा आधुनिक इतिहास इथे सुरू होतो. ट्रिक नवी नव्हती. वस्तू वापरणाऱ्याला आत हात घालायची परवानगी मिळाली, ते नवं होतं.

मग दारं भराभर उघडली. १९८० च्या दशकात योमेगा कंपनीचा 'ब्रेन' आला. आत छोटी वजनं आणि स्प्रिंग. वेग जास्त असला की वजनं बाहेर फेकली जातात आणि आस मोकळा होतो. वेग उतरला की स्प्रिंग आस पकडते आणि यो-यो आपोआप वर येतो. अॅक्टिव्हाच्या क्लचचा हा उलटा भाऊ. तिथे वेग वाढला की पकड बसते, इथे वेग वाढला की सुटते. आणि १९८४ मध्ये स्वीडनच्या एसकेएफ या बेअरिंग कंपनीने जाहिरातीसाठी बॉल बेअरिंगवाला यो-यो काढला. १७९४ ची ती गाठ अखेर पडली. याच एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, बरं का.

आता आपल्या अंगणात येऊ. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, आणि त्यातली सावंतवाडी लाखेच्या रंगातल्या लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या चितारआळीत आजही फळं, भातुकली, भोवरे मांडलेले दिसतात. पण आपल्याकडची लाकडी चकरी अशी तिठ्यावरच राहिली. ती देखणी आहे, पण उघडत नाही. तिच्याकडून वरखाली होण्यापलीकडे कुणी काही मागितलंच नाही.

भोवऱ्याचं तसं नव्हतं. भोवरा हेच आपलं भाग बदलायचं खेळणं. लाकूड वेगळं, आर वेगळी, जाळी वेगळी. आर वाकडी बसली तर भोवरा उड्या मारतो, म्हणून ती उपटून पुन्हा सरळ ठोकायची. टोक बोचरं असेल तर दगडावर घासायचं, म्हणजे हातजाळीवर घेतल्यावर तळहात फाडत नाही. जाळी फार गुळगुळीत असेल तर पकडत नाही, फार जाड असेल तर सुटत नाही. हे सगळं पोरं पोरांकडून शिकायची. आज दुकानात प्लास्टिकचा भोवरा मिळतो, त्याची आर साच्यातच बसवलेली. स्वस्त आहे, हलका आहे, फिरतो पण बरा. फक्त त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. वस्तू बंद झाली की तिच्याभोवतीचं ज्ञान एका पिढीत संपतं. माझ्या मते आजच्या भागातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच.

म्हणून माझ्या टेबलावरच्या यो-योची जुळणी सांगतो. यात भाग किती? दोन चकत्या, आटे पाडलेला आस, एक बेअरिंग, दोन सिलिकॉनचे पॅड आणि दोरी. बेअरिंगचा बाहेरचा व्यास १२.७ मिलिमीटर, आतला ६.३५. म्हणजे अर्धा इंच आणि पाव इंच. हेच माप २०१७ च्या फिजेट स्पिनरमध्येही सर्रास होतं, त्यामुळे घरात पडलेला एखादा स्पिनर असेल तर फेकू नका.

यो-यो थरथरत असेल तर पहिलं काम, बेअरिंग आपल्या खाचेत पूर्ण बसलंय का ते बघा. मग एक चकती सोडवून आस थोडा आत किंवा बाहेर घ्या आणि पुन्हा जोडा. तरीही थरथरतोय? आस बदला. चकतीला हात लावायच्या आधी स्वस्त भाग बदलून बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. कोडमधला बगही मी असाच शोधतो.

आणि आता खास कोकणचा शत्रू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्यात खारा वारा. साध्या स्टीलचं बेअरिंग इथे पावसाळ्यात गंजतं. पूर्ण कोरडं बेअरिंग जास्त वेळ फिरतं खरं, पण ते इथे टिकत नाही. मी धुऊन, नीट वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी बारीक थेंब देतो, टाचणीच्या टोकावर राहील एवढाच. फिरण्याचा वेळ कमी होतो, बेअरिंगचं आयुष्य वाढतं. सुती दोरी दमट हवेत फुगते आणि जड होते, म्हणून पावसाळ्यात पॉलिएस्टर.

शेवटचा मुद्दा. बेअरिंग इतकं सुरळीत झालं की यो-यो झटक्याने वर येतच नाही. मग दोरीचा एक वेढा मुद्दाम फटीत सरकवून त्याला बोलवावं लागतं, त्याला बाइंड म्हणतात. घर्षण घालवण्यासाठी एवढी खटपट केली, आणि परत येण्यासाठी तेच हाताने आत घालायचं. किती घर्षण ठेवायचं आणि कुठे, हेच जुळणीचं सगळं गणित.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या भोवऱ्याची आर कोण ठोकून द्यायचं आणि सरळ बसली हे कसं ओळखायचे. उत्तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एका भागात ती उत्तरं एकत्र ऐकवू. भेटू, तोवर छत्री विसरू नका!