नोंदवहीत नाव नसलेली माणसं

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या देशातला साधा माणूस कसा जगत होता, हे शोधायला निघालं की पहिल्यांदा हाती येतात ते सरकारी कागद. एकोणिसाव्या शतकातल्या रशियात अशा कागदांना तोटा नव्हता. कोण कोणत्या हुद्द्यावर आहे, कोणत्या जमीनदाराकडे किती भूदास आहेत, कोणत्या घराचा किती सारा थकला आहे, सगळं लिहिलेलं असायचं. पण त्या कागदांतून थंडी कळत नाही. साहेबाच्या दारात उभं राहताना पोटात येणारा गोळा कळत नाही. तो कळतो पुश्किन, गोगोल, तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय आणि चेखव यांच्या कथांमधून.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक, इतिहास हा काही माझा विषय नाही. तरीही माझं ठाम मत झालं आहे की या रशियन कथा वाङ्मयाच्या कपाटातून काढून अधूनमधून इतिहासाच्या कपाटात ठेवायला हव्यात. राज्यकर्त्यांनी माणसं कशी मोजली ते नोंदवह्या सांगतात. त्या मोजणीखाली माणूस कसा दबला ते या कथा सांगतात.

चौदा पायऱ्यांची शिडी

१७२२ साली पीटर द ग्रेटने एक तक्ता जारी केला. फौज, सरकारी कचेऱ्या आणि दरबार या तिन्ही ठिकाणच्या नोकरांना त्याने चौदा दर्जांत बसवलं. पहिला दर्जा सर्वांत वरचा, चौदावा सर्वांत खालचा. हेतू असा की केवळ जन्माने मोठा असलेला माणूस मोठा राहू नये, चाकरी करणाऱ्यालाही वर चढता यावं. कल्पना चांगलीच होती. पण शंभर वर्षांनी त्या शिडीवर माणसं कशी लटकत होती, हे पाहायचं तर पुश्किनची ‘चौकीवाला’ ही कथा वाचावी.

रशियात लांबच्या प्रवासात ठरावीक अंतरावर घोडे बदलण्याच्या सरकारी चौक्या असत. चौकीवरचा अधिकारी चौदाव्या दर्जाचा. घोडे नसले, रस्ता खराब असला, पाऊस पडला, तरी प्रवासी शिव्या घालणार त्यालाच. हुद्दा कशासाठी, तर निदान मारहाणीपासून संरक्षण मिळावं म्हणून; आणि तेही दरवेळी मिळेलच असं नाही. कथेतल्या चौकीवाल्याचं नाव साम्सोन विरिन. त्याच्या दुन्या नावाच्या मुलीला एक तरुण लष्करी अधिकारी पीटर्सबर्गला घेऊन जातो. बाप रजा काढून पायी तिच्या शोधात जातो, तर अधिकारी त्याच्या बाहीत नोटा कोंबून त्याला दाराबाहेर काढतो. म्हातारा तक्रार करत नाही. चौदाव्या दर्जाच्या माणसाने तक्रार करायची कोणाकडे?

१८४२ साली गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा छापली गेली. तिचा नायक अकाकी अकाकिएविच कागदांच्या नकला करणारा कारकून, दर्जा नववा. त्या काळी आठव्या दर्जाला पोचलेल्याला वंशपरंपरागत सरदारकी मिळत असे. म्हणजे नववा दर्जा ही बरोबर भिंतीच्या अलीकडची जागा. गोगोल त्याचा सगळा हिशेब मांडतो. वर्षाचा पगार चारशे रुबल. जुना कोट इतका विरलेला की शिंपी म्हणतो, आता ठिगळ लावायलाही कापड उरलं नाही. नवा कोट ऐंशी रुबल, म्हणजे वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा. मग अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती पेटवत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यावर जवळजवळ चवड्यांवर चालतो. कॉलरला चांगली फर परवडत नाही, म्हणून मांजराची लावतात. कोट शिवून होतो आणि पहिल्याच रात्री चोर तो अंगावरून काढून नेतात. मदत मागायला तो एका बड्या साहेबाकडे जातो. साहेब असा काही ओरडतो की अकाकीला उचलून बाहेर न्यावं लागतं. थोड्याच दिवसांत तो तापाने मरतो आणि त्याच्या खुर्चीत दुसरा कारकून येऊन बसतो. कचेरीचं काम एक दिवसही अडत नाही.

पुढे चाळीस वर्षांनी चेखव आला, तेव्हाही शिडी तिथेच होती. त्याच्या ‘जाडा आणि रोडका’ या १८८३ च्या छोट्याशा कथेत दोन शाळूसोबती रेल्वे स्टेशनवर भेटतात. मिठ्या मारतात, जुन्या खोड्या आठवतात. रोडका सांगतो, मी आठव्या दर्जाला पोचलो. जाडा सांगतो, मी तिसऱ्या. त्या क्षणी रोडक्याचा चेहरा बदलतो, पाठ वाकते, आणि आतापर्यंत ‘तू’ म्हणणाऱ्याच्या तोंडून ‘हुजूर’ निघू लागतं. भाषा शिकवणाऱ्याला यात एक फार मोलाचा दस्तऐवज दिसतो. तक्त्यात दर्जे लिहिलेले असतात. ते जिभेवर कसे उतरतात हे तक्ता सांगू शकत नाही. जाड्याला या लाचारीचा उबग येतो, तो तोंड फिरवून निरोप घेतो. म्हणजे इथे कोणी कोणावर जुलूम केलेला नाही. धाक आपलं काम आपोआप करतो आहे.

माणसांचे मालक

कारकुनाला निदान दर्जा होता. भूदासाला तोही नाही. जमीनदारांच्या मालकीची माणसं सरकारी गणतीत ‘आत्मे’ म्हणून मोजली जात, आणि त्यातही कर बसवण्यासाठी फक्त पुरुष मोजायचे. १८६१ साली झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासपद्धती रद्द केली, तेव्हा जमीनदारांच्या मालकीत सुमारे २ कोटी ३० लाख स्त्री-पुरुष होते.

तुर्गेनेव्ह स्वतः मोठ्या जमीनदाराच्या घरचा. १८४७ पासून एका मासिकात त्याची शिकारीच्या भटकंतीची शब्दचित्रं येऊ लागली आणि १८५२ साली त्यांचं पुस्तक झालं. त्यातल्या ‘कारभारी’ या कथेत एक तरुण, सुशिक्षित, फ्रेंच बोलणारा जमीनदार आहे. न्याहारीच्या वेळी त्याला दिसतं की वाइन कोमट केलेली नाही. तो आवाज चढवत नाही. नोकराला प्रश्न विचारतो, मग दुसऱ्या माणसाला बोलावून हळूच सांगतो की फ्योदोरचं काय ते बघा. बस्स. चाबूक कथेत दिसतही नाही. जुलमी माणूस म्हणजे आरडाओरडा करणारा, डोळे लाल असलेला, असं आपल्याला सिनेमाने शिकवलं. तुर्गेनेव्ह दाखवतो की पद्धतच जुलमी असेल तर मालक सभ्य असला तरी चालतं.

त्याच १८५२ मध्ये गोगोल वारला आणि त्याच्यावरच्या मृत्युलेखाचं निमित्त करून सरकारने तुर्गेनेव्हला महिनाभर अटकेत ठेवलं. त्या अटकेत त्याने ‘मुमू’ लिहिली. गेरासिम हा धिप्पाड, मुका-बहिरा भूदास. मालकिणीने त्याला गावाकडून उचलून मॉस्कोच्या घरी झाडलोटीला आणलेला. त्याचं ज्या बाईवर मन बसतं, तिचं लग्न मालकीण दुसऱ्याशी लावून देते. मग उरते एक कुत्री, मुमू. तिच्या भुंकण्याने मालकिणीची झोप मोडते म्हणून गेरासिमला स्वतःच्या हातांनी तिला नदीत बुडवावं लागतं. त्यानंतर तो कोणाला न विचारता चालत आपल्या गावी निघून जातो.

या गेरासिममागे खरा माणूस होता. तुर्गेनेव्हच्या आईच्या घरी आंद्रेई नावाचा एक मुका भूदास होता आणि तो अखेरपर्यंत तिच्या चाकरीत राहिला. निघून जाणं फक्त कथेत घडलं. पण हुकूम मानल्यावरही माणसाच्या आत काहीतरी तुटतं आणि ते मालकाच्या हाती कधी लागत नाही, ही गोष्ट तुर्गेनेव्हने त्या शेवटात नोंदवून ठेवली.

सुटका झाली, मग?

पाठ्यपुस्तकात १८६१ च्या पुढे एक ओळ असते: भूदास मुक्त झाले. ही मुक्ती फुकट नव्हती. मिळालेल्या जमिनीचा मोबदला सरकारने जमीनदारांना दिला आणि तो शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचं ठरवलं. हे हप्ते पुरते रद्द व्हायला १९०७ साल उजाडलं.

त्या हप्त्यांच्या आणि थकबाकीच्या ओझ्याखाली गाव कसं दिसत होतं, ते चेखवच्या ‘शेतकरी’ (१८९७) या दीर्घकथेत आहे. मॉस्कोच्या एका मोठ्या हॉटेलातला वेटर आजारी पडून बायको-मुलीसह गावी परततो. अंधारी झोपडी, माश्या, भांडणं, दारू. एक दिवस थकबाकीपोटी घरातला समोवार उचलून नेतात. चहाचं ते भांडं म्हणजे त्या घराची उरलीसुरली अब्रू. आणि याच घरातला म्हातारा म्हणतो की मालकांच्या वेळी बरं होतं. हे वाक्य वाचून अनेकांना चेखवचा राग येतो. पण म्हातारा भूदासपणाची तारीफ करत नसतो, आजची भूक मोजत असतो. चेखवला हे वरवरचं माहीत नव्हतं. त्याचे आजोबा स्वतः भूदास होते. १८४१ साली त्यांनी पैसे मोजून आपलं कुटुंब सोडवलं होतं.

गावात भागेना म्हणून माणसं शहराकडे निघाली. ‘व्यथा’ (१८८६) मधला योना पीटर्सबर्गात घोडागाडी हाकतो. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू पाहतो, कोणी ऐकत नाही. शेवटी तो आपल्या घोडीला सांगतो. त्याच वर्षीच्या ‘वान्का’ मधला नऊ वर्षांचा पोरका मुलगा मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारीला ठेवलेला. सकाळी पाव, दुपारी लापशी, रात्री पुन्हा पाव, आणि मार. नाताळच्या आदल्या रात्री तो आजोबांना चोरून पत्र लिहितो आणि पाकिटावर पत्ता घालतो: गावी, आजोबांना. पत्रलेखन शिकवताना मी ही गोष्ट सांगतो, तेव्हा मुलं हमखास विचारतात, “सर, पत्र पोचलं का?” चेखवने ते सांगितलेलं नाही. १८९७ च्या जनगणनेत रशियात साक्षरतेचं प्रमाण शंभरात एकवीस निघालं. वान्का त्या एकवीसांतला. अक्षरं आली होती, पण ज्या जगात पत्र पाठवायचं त्या जगात त्याच्या आजोबांना पत्ताच नव्हता.

कथेच्या कडेला उभे असलेले

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. रशियन साम्राज्यात लाखो मुसलमान राहत होते: तातार, बश्कीर, कॉकेशसमधल्या जमाती. या कथांत ते कुठे आहेत?

टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते?’ (१८८६) आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभरात चालून जेवढी जमीन घेराल तेवढी तुमची, किंमत हजार रुबल. पाखोम हावरेपणाने धावतो आणि संध्याकाळी कोसळून मरतो. ती जमीन बश्कीरांची. कथेत ते घोडीच्या दुधाचं कुमिस पिणारे, हसरे, भोळे लोक आहेत. टॉलस्टॉय स्वतः प्रकृतीसाठी त्या भागात राहिला होता, १८७१ मध्ये त्याने तिथे जमीनही घेतली होती. त्या काळात बश्कीरांच्या जमिनी मातीमोलाने बाहेरच्यांच्या हाती जात होत्या. टॉलस्टॉयचा रोख पाखोमच्या लोभावर आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्यांची जमीन गेली त्यांचं पुढे काय झालं, हे ती कथा विचारत नाही. मोठ्या लेखकाच्या नजरेलाही एक कड असते, हे आपण वाचक म्हणून लक्षात ठेवावं.

ही कड चेखवने थोडी पुढे सरकवली. १८९० मध्ये तो क्षयाची लक्षणं अंगावर घेऊन सायबेरिया ओलांडत सखालिन बेटावर गेला. तिथल्या कैदी आणि वसाहतवाल्यांची त्याने स्वतः गणती केली, सुमारे दहा हजार कार्डं भरली. पुढे १८९७ च्या जनगणनेतही त्याने मेलिखोवोच्या परिसरात मोजणीदारांवर देखरेख केली. पण सखालिनवरच्या पुस्तकात तो मोकळेपणाने सांगतो की त्या गणतीत त्याला आकड्यांपेक्षा, गणती करताना जे दिसेल त्याची ओढ होती.

आपल्याकडे ही परंपरा लवकर पोचली. मंटोंनी कथाकार म्हणून नाव कमावण्याआधी रशियन कथांचे उर्दू तर्जुमे केले होते, ‘रूसी अफसाने’ नावाने त्यांचं पुस्तकही निघालं. मराठीत अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. दोघांच्याही कथांत अशीच माणसं आहेत, ज्यांच्यासाठी कागदावर फार तर एक रकाना असतो.

सखालिनहून आल्यावर दोन वर्षांनी चेखवने ‘हद्दपारीत’ ही कथा लिहिली. सायबेरियातल्या एका नदीवर होडी चालवणारे शिक्षा झालेले लोक. त्यांत एक पंचविशीचा तातार. घोडे चोरल्याच्या आरोपात तीन भावांना सायबेरियाला धाडलं, श्रीमंत काका मात्र घरीच राहिला. म्हातारा होडीवाला त्याला उपदेश करतो: काही मागू नकोस, बायको नको, घर नको, म्हणजे दुःख नाही. थंडीने कुडकुडणारा तो तातार मोडक्यातोडक्या रशियनमध्ये उत्तर देतो की अल्लाने माणूस जगण्यासाठी बनवला, त्याला आनंदही हवा आणि दुःखही. ज्याला काहीच नको तो दगड. कथेतलं सगळ्यात मोठं शहाणपण चेखवने त्याच्या तोंडी दिलं आहे, धड न येणाऱ्या भाषेत.

कथा संपताना तो बाहेर एकटा रडत असतो. झोपडीचं दार वाऱ्याने उघडतं, आतल्यांना थंडी वाजते, पण उठून दार लावायचा सगळ्यांनाच कंटाळा. आणि चेखव त्याची ओळख करून देतो ती अशी की, या तरुण ताताराचं नाव तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.