वाया जाणाऱ्या धुराची कुळकथा

टर्बोची गाडी दारात आली की दोन-चार महिन्यांत मालक मिस्त्रीला विचारतोच, "पिकअप अजून वाढेल का हो?" पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत वेगाची हौस तशी जुनीच, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जोडीला घरच्यांपेक्षा चांगला खुराक घालणारी माणसं इथली. गंमत अशी की ज्या टर्बोकडे ही जादा ताकद मागायची, तो वेगासाठी जन्मलाच नव्हता. तो जन्मला काटकसरीपोटी.

आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. जळलेल्या इंधनातली बरीचशी उष्णता धुराबरोबर फुकट जाते, हे त्याला खुपत होतं. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, अशी त्याची कल्पना. हवा जास्त तर इंधन जास्त जाळता येणार, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून ताकदही जास्त. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं, पण कल्पना कामाला लागायला वीस वर्षं गेली. १९२०च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्त्सिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ही जोडणी बसली आणि १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५००वर गेली. आज गॅरेजमध्ये 'टर्बो वाढवून देतो' म्हणतात, त्या विद्येचा मूळपुरुष हा.

दुसरी शाखा अमेरिकेतली. तिथे प्रश्न विमानांचा होता. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागतं. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून १४ हजार फुटांवरच्या पाइक्स पीक या शिखरावर नेलं. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर २३०वर घसरलं होतं. टर्बो जोडल्यावर ३५६ झालं. आपल्याकडे डोंगर नाही, पण मे महिना आहे. पंचेचाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते. त्यात टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. जानेवारीच्या पहाटे गाडी उडते आणि मे महिन्यात दुपारी रडते, त्यात मिस्त्रीचा दोष नसतो.

मोटारगाडीत टर्बो आला १९६२ मध्ये, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर या दोन अमेरिकी गाड्यांतून. जेटफायरची कथा अवश्य सांगण्याजोगी. तिच्या २१५ घनइंची इंजिनातून बरोबर २१५ अश्वशक्ती काढली होती. पण दाब एवढा, की पेट्रोल वेळेआधीच पेटून इंजिन ठोके देऊ लागे. उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारायचं. त्याला नाव काय, तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'! मालकाने फक्त त्याची वेगळी टाकी भरत राहायची. पुष्कळांनी भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा दाब कमी करी आणि रॉकेटची बैलगाडी होई. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून द्यायला सुरुवात केली.

पुढे शर्यतवाल्यांनी ताळतंत्र सोडलं. रेनोने १९७७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके टर्बोच्या गाडीवर जगज्जेता झाला. १९८६च्या सुमारास दीड लिटरची इंजिनं पात्रता फेरीत हजारावर अश्वशक्ती देत होती. पण ती चारदोन फेऱ्यांपुरती. मग इंजिन बदलायचं. १९८९पासून २०१३पर्यंत टर्बोवर बंदीच होती.

आपल्या रस्त्यांवर मात्र टर्बो रुजला तो डिझेलमधून, आधी ट्रकांत, मग घरच्या गाड्यांत. ट्रकवाल्यांची युक्ती सोपी होती: डिझेल पंपाचा स्क्रू फिरवा, इंधन वाढवा. काळा धूर निघाला की गाडी जोरात आहे, अशी समजूत. खरं तर काळा धूर म्हणजे हवा पुरली नाही म्हणून अर्धवट जळलेलं डिझेल. ब्यूखीला जे वाया जाताना बघवत नव्हतं, ते इथे मुद्दाम वाया घालवलं जात होतं.

स्क्रूची जागा आता ईसीयूने, म्हणजे इंजिनाचा ताबा ठेवणाऱ्या संगणकाने घेतली. किती डिझेल, कधी, किती दाबाने, याचे तक्ते त्यात असतात. रीमॅप म्हणजे ते तक्ते बदलणं. स्वस्तातला ट्युनिंग बॉक्स तर नुसती थाप मारतो. इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं तो ईसीयूला सांगतो आणि ईसीयू बिचारा दाब वाढवतो. 'कंपनीने ताकद लॉक करून ठेवली आहे' हे गॅरेजमधलं आवडतं वाक्य, आणि त्याला पुरावा म्हणून फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन दाखवतात. हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. कुठल्या गाडीत ७५ अश्वशक्तीचं, कुठल्या गाडीत ९०चं. पण हे अर्धसत्य आहे. ९०वाल्याचा टर्बोच वेगळा, पात्यांचा कोन बदलणारा होता. फरक फक्त सॉफ्टवेअरचा नव्हता.

आणि इंजिनातून निघालेला जोर पुढे कुणाला तरी पेलायचा असतो. भंडारा जिल्ह्यात लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२पासून आहे आणि तिथे गिअरबॉक्स बनतात. म्हणजे गिअरचे दाते ठरावीक जोर धरूनच घडवलेले असतात, हे या जिल्ह्याला तरी नव्याने सांगायला नको. लॅपटॉपवर टॉर्क वाढतो, दाते जाड होत नाहीत. पहिली सरकते ती क्लचप्लेट. मग पाळी टर्बोची. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर, आणि इंजिन बंद होताच ऑइल थांबतं. म्हणून लांबून आल्यावर गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवून मग बंद करावी. हे रीमॅप न करणाऱ्यांनीही पाळावं.

राहिला कायदा. कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.