पाण्याच्या वाटेने अकोले

अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका बहुतेकांना डोंगरांमुळे ठाऊक असतो. राज्यातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचे कळसूबाई, इथलेच. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदऱ्याचा जलाशयही इथलेच. ही ठिकाणे एकेक करून पाहिली जातात. मात्र त्यांना एकत्र बांधणारा धागा सहसा नजरेतून सुटतो. तो धागा पाण्याचा आहे, आणि वाचकांनी तोच धरून या तालुक्यात शिरावे, अशी आमची विनंती आहे.

पश्चिमेला घाटमाथ्यावर घाटघरला पाऊस अक्षरशः कोसळतो; पूर्वेला अकोले गावाकडे येईपर्यंत त्याचा जोर पार ओसरतो. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराजवळून वाहत भंडारदऱ्याच्या धरणात येते. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणावर खालच्या तालुक्यांचा ऊस उभा राहिला. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथून वाहते ती हीच प्रवरा.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात भव्य शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच शाबूत आहे. गडाच्या दुसऱ्या अंगाला कोकणकडा. त्याची कातळभिंत आत वळलेली असल्याने दरीतला वारा सरळ वर उसळतो. कड्यावर पालथे पडूनच खाली डोकवावे. काठाशी उभे राहण्याचा मोह टाळावा.

या पावसानेच इथले जगणेही घडवले आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची भातखाचरे, आणि डांगी गुरे. डांगी जनावराच्या कातडीवर हात फिरवलात तर तेलकट ओल लागेल; मुसळधार पावसात ती त्याला तारते. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो ठेवा जपला, त्याला २०२० साली पद्मश्रीची दाद मिळाली. शिखरांइतकाच हाही अकोल्याचा अभिमान आहे.

नव्याने येणाऱ्याने घाई करू नये. मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याच्या रानात काजवे लुकलुकतात. तेव्हा बॅटरी विझवावी आणि झाडांपासून दूर राहावे. भाद्रपदात डोंगर फुलतात. कळसूबाईची चढण हिवाळ्यात सुखाची जाते. साम्रदची सांदण दरी मात्र पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य मानावी. त्या अरुंद फटीतून पाण्याचा लोंढा येतो. सोबतीला गावातला वाटाड्या घ्यावा. वाट तर तो दाखवेलच, शिवाय कोणता ओढा कोणत्या नदीला मिळतो, हेही सांगेल. तेवढे उमगले की पुढची प्रकरणे तुम्हाला सलग वाचता येतील, आणि पुढच्या खेपेस गड कोणता निवडावा हे तुमचे तुम्हीच ठरवाल.