सुरती पनीर आणि म्हशीच्या दुधाचा इतिहास

प्रस्तावना

दुग्धव्यवसायाचा जागतिक इतिहास बहुधा गायीच्या दुधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हॉलंड, डेन्मार्क, न्यूझीलंड ही त्यातील ठळक नावे होत. जगातील म्हशीच्या दुधाचा फार मोठा भाग भारत व पाकिस्तानात निघत असूनही या मांडणीत म्हशीला दुय्यम स्थान मिळते. सुरतच्या उदाहरणावरून ही मांडणी किती अपुरी आहे हे लक्षात येते.

शब्द आणि पदार्थ

मोगल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. हजयात्रेकरू येथूनच जहाजावर चढत, म्हणून त्यास 'बाबुल-मक्का' म्हणजे मक्केचे द्वार म्हटले जाई. इराण, अरबस्तान व युरोपशी या शहराचा व्यापार चाले. 'पनीर' हा शब्द फारसी असून त्या भाषेत तो चीजच्या सर्व प्रकारांना लागू होतो. तुर्कीतील 'पेयनिर' हे त्याचेच रूप आहे.

उत्तर भारतात आंबट पदार्थ घालून दूध फाडतात व त्याचे पनीर करतात. सुरती पनीराची रीत वेगळी आहे. त्यासाठी म्हशीचे दूध रेनेट घालून घट्ट केले जाते. ते लहान टोपल्यांत निथळत ठेवतात, त्याला मीठ लावतात आणि निथळलेल्या निवळीतच बुडवून ठेवतात. पारशी घरांत हे मऊ, खारट पनीर 'टोपली नुं पनीर' म्हणून ओळखले जाते. पारंपरिक रेनेट जनावराच्या जठरातून काढले जात असल्याने हलाल आणि शाकाहार या दोन्ही दृष्टींनी त्याचा विचार करावा लागतो. आता सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेटही मिळते.

'दोष' कोणाचा?

गायीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ४ टक्के, तर म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के असतो. म्हशीच्या दुधात केसीन व कॅल्शियमही अधिक असल्याने ते लवकर आणि घट्ट गोठते. गायीच्या दुधासाठी ठरलेल्या युरोपीय कृती जशाच्या तशा वापरल्यास त्याचे चीज कोरडे व कडक होते. त्यामुळे हे दूध चीजला अयोग्य ठरवले गेले. परंतु ताज्या, मऊ चीजसाठी हेच गुण उपयोगी पडतात. इटलीतील कांपानिया प्रांताचे मोझरेला आणि सुरतचे पनीर ही याची दोन उदाहरणे होत.

सहकाराचा काळ

१९४५ मध्ये मुंबई सरकारच्या योजनेनुसार खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईस जाऊ लागले. त्याच्या खरेदीची मक्तेदारी पोल्सन डेअरीकडे होती. योग्य भाव न मिळाल्याने शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले आणि १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा दूध संघ स्थापन झाला. त्याच धर्तीवर १९५१ मध्ये सुरत जिल्हा संघ, अर्थात 'सुमूल', उभा राहिला. सुरत त्या वेळी मुंबई राज्यातच होते. या संघाचे क्षेत्र आज सुरत व तापी या जिल्ह्यांत असून ते महाराष्ट्राच्या नंदुरबार सीमेपर्यंत पोहोचते.

म्हशीच्या दुधाची भुकटी होणे शक्य नाही, असे त्या काळी पाश्चात्य तज्ज्ञांचे मत होते. वर्गीज कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी आणंद येथे हे काम करून दाखवले. १९५५ मध्ये तेथील कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुढे १९९८ मध्ये दूध उत्पादनात भारताने अमेरिकेस मागे टाकले. आजही देशातील जवळपास निम्मे दूध म्हशीचेच असते.

निष्कर्ष

सुरतचे घरगुती पनीर आणि आणंदची भुकटी यांच्या वाटा भिन्न आहेत. एक कसब चुलीजवळ वाढले, तर दुसरे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. तथापि दोन्हींवरून एकच गोष्ट स्पष्ट होते. उणीव दुधात नव्हती, ते मोजण्याच्या मापात होती. चुलीजवळच्या ज्ञानाची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. तापीकाठच्या गावांतून महाविद्यालयात येणारे कित्येक विद्यार्थी ज्या घरांत वाढतात, तेथे धार काढणे आणि दूध डेअरीवर पोहोचवणे हे रोजचे काम असते. इतिहासाच्या वर्गात या कामाला जागा मिळाली, तर आपल्या आईचे श्रमही इतिहासाचा भाग आहेत, हे त्यांना उमगेल.